वाचकांचे प्रश्न : गॅस नसताना गॅस डिटेक्टरचा सराव

रसायनगळतीच्या सरावात मीटरवर आकडे कसे दाखवायचे, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रे जागेअभावी आटोपशीर केली आहेत. ‘मीटर’ म्हणजे कमरेला अडकवायचा चार गॅसचा डिटेक्टर : ऑक्सिजन, ज्वलनशील वायू (एलईएल), कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड. एलईएल म्हणजे हवेत वायू पेटण्याची खालची मर्यादा; तिचे किती टक्के भरले, ते मीटर दाखवते. दुसरे काही अभिप्रेत असेल तिथे तसे लिहिले आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्याच्या अग्निशमन पथकात सरावाच्या वेळी खिशातला लायटर काढून मीटरवर गॅस सोडतात. अलार्म लगेच वाजतो. यात मीटरला काही धोका आहे का? आणि असेल तर दुसरा स्वस्त मार्ग कोणता?

उत्तर : धोका मीटरलाही आहे आणि शिकणाऱ्यालाही. लायटरमध्ये ब्युटेन असतो. हवेत साधारण १.८ टक्के ब्युटेन झाला की तो पेटू शकतो, आणि हीच त्याची १०० टक्के एलईएल. लायटरच्या तोंडाशी मात्र जवळजवळ निव्वळ ब्युटेन असतो, म्हणजे मीटरच्या पट्टीच्या पन्नासपटीहून जास्त. बहुतेक मीटरमध्ये एलईएलसाठी पेलिस्टर असतो : जाळीच्या आड एक बारीक तापलेला मणी, त्याच्यावर वायू जळतो, मणी आणखी तापतो आणि त्या तापण्यावरून आकडा निघतो. एवढा गॅस एकदम आला की मणी भाजून निघतो. त्याचा शून्य सरकतो, संवेदनशीलता घटते. वाईट गोष्ट अशी की मीटर बंद पडत नाही. ते चालूच राहते, स्वच्छ हवेत शून्यावर बसवले की शून्य दाखवते आणि सगळे ठीक आहे असे वाटते. खऱ्या गळतीत मग २० च्या जागी ११ दिसतात.

हीच गोष्ट हँड सॅनिटायझर, मार्कर पेन आणि बॉडी स्प्रेची. अल्कोहोलच्या वाफेने कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढतो आणि सेन्सर पूर्ववत व्हायला काही वेळा तास लागतात. स्प्रेमध्ये सिलिकॉन असेल तर पेलिस्टर कायमचा पॉयझन होतो, मण्यावर थर बसतो आणि तो निघत नाही. गाडीच्या धुराड्याशी मीटर धरणे हा आणखी एक लाडका उपाय. बंद जागेत तो मीटरपेक्षा माणसांना लवकर संपवतो. आणि आम्ल वगैरे वापरून हायड्रोजन सल्फाइड ‘थोडासा’ तयार करण्याचा विचारही करू नका. १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकाला त्याचा वास येणेच बंद होते.

स्वस्त मार्ग म्हणाल तर पुठ्ठ्याची कार्डे. मीटरवर दिसतात तसे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहा. प्रत्येक ठिकाणी तीन कार्डे लावा : घोट्याशी, कमरेशी, डोक्याच्या वर. प्रत्येक कार्डावर झाकणासारखी घडी घाला आणि वर लिहा, ‘मीटर इथे धरा, ३० सेकंद थांबा, मग उघडा’. हवेपेक्षा जड वायू असेल तर घोट्याशी मोठा आकडा, मिथेन असेल तर छताशी. वाकण्याचा कंटाळा करणारा गडी लगेच सापडतो. कार्डांची उणीव अशी की मीटरकडे सतत लक्ष ठेवण्याची सवय त्यांतून लागत नाही. ती हवी असेल तर पुढचे प्रश्न वाचा.

प्रश्न : आम्ही सरावात आकडे तोंडी सांगतो. ‘एलईएल २०, ऑक्सिजन १७, पुढे चला.’ एका अनुभवी अधिकाऱ्याने हे आकडे ‘अशक्य’ आहेत असे म्हटले. का?

उत्तर : त्यांचे बरोबर आहे, आणि आमच्या मते सरावात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मीटरवरचे चार आकडे एकमेकांना बांधलेले असतात. ते वेगवेगळे, मनाला येतील तसे सांगितले की प्रशिक्षणार्थी आकडे वाचायला शिकतो, त्यांचा अर्थ लावायला शिकत नाही.

हिशेब करून पाहू. मिथेनची एलईएल ५ टक्के. मीटरवर २० दिसतात म्हणजे हवेत १ टक्का मिथेन. त्याने १ टक्का हवा बाजूला सारली. त्या हवेत ऑक्सिजन पाचवा हिस्सा, म्हणून ऑक्सिजन घटला फक्त ०.२ ने. मीटरवर २०.७ दिसायला हवेत, १७ नव्हे. उलट बाजूने पाहा : ऑक्सिजन १७ वर आला याचा अर्थ मूळ हवेपैकी १७ भागिले २०.९, म्हणजे ८१ टक्केच उरली आणि जवळजवळ १९ टक्के दुसरा कोणता तरी वायू तिथे भरला आहे. तो मिथेन असेल तर पेटण्याची वरची मर्यादा, १५ टक्के, ओलांडून गेली.

ध्यानात ठेवायला सोपा आकडा : दुसऱ्या वायूने हवा सारली असेल, तर ऑक्सिजन १ ने घटला की त्या वायूचे ४.८ टक्के, म्हणजे ४८,००० पीपीएम आत आले. यावरून कितीतरी प्रसंग रचता येतात. ऑक्सिजनचा खालचा अलार्म १९.५ वर वाजतो. तिथवर येईपर्यंत ६.७ टक्के परका वायू आलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर ६७,००० पीपीएम. जिवाला तत्काळ धोक्याची त्याची पातळी ४०,००० पीपीएम मानतात, म्हणजे अलार्म वाजायच्या आधीच माणूस धोक्यात. साध्या चार गॅसच्या मीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. सरावात ऑक्सिजन २०.९ वरून २०.३ वर आणा, बाकी तिन्ही शून्य ठेवा आणि पथक काय करते ते बघा. बहुतेक जण ‘अजून १९.५ च्या वर आहे’ म्हणून आत शिरतात.

विषारी वायूंचे उलटे. कार्बन मोनॉक्साइड १,२०० पीपीएम, म्हणजे जिवाला तत्काळ धोका, तरी हवेच्या ०.१२ टक्केच. ऑक्सिजन हलत नाही, एलईएलही शून्य. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमला एलईएल जेमतेम पाव टक्का भरते. म्हणून विषारी वायूच्या प्रसंगात त्या एकाच खिडकीतला आकडा चढवा, बाकीचे ठेवा तसेच. अमोनियाचा प्रसंग असेल तर आणखी मजा : त्याची एलईएल १५ टक्के आणि जिवाला धोका ३०० पीपीएमला. मीटरवर एलईएल १० दिसले तर अमोनिया १५,००० पीपीएम आहे, धोक्याच्या पन्नासपट.

एक अपवाद सांगायलाच हवा. गंजलेल्या बंद टाकीत किंवा मैलागटारात ऑक्सिजन ‘खाल्ला’ जातो, गंज आणि जिवाणू तो वापरतात. तिथे परका वायू न येताही ऑक्सिजन १४-१५ वर येऊ शकतो. मग ४.८ चा हिशेब लागू पडत नाही. हे दोन्ही प्रसंग पाठोपाठ द्या. आकडे तेच आणि जागा वेगळी, हे कळले की निम्मे काम झाले.

ऑक्सिजन फार उतरवताना एलईएलचीही काळजी घ्या. पेलिस्टरवर वायू जळायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन १० टक्क्यांच्या खाली गेला की एलईएलचा आकडा विश्वासाचा राहत नाही, खरा असायला हवा त्यापेक्षा कमी दिसतो. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी, हा वाचनाचा क्रम त्यामुळेच आहे. टाकीत नायट्रोजन भरल्याचा प्रसंग असेल तर ऑक्सिजन ६ आणि एलईएल ० दाखवा, आणि पथकाला विचारा की हा शून्य खरा आहे का.

प्रश्न : बॅटरी चार्जिंगच्या खोलीचा प्रसंग रचायचा आहे. आमच्या मीटरला हायड्रोजनसाठी वेगळा सेन्सर नाही. मग दाखवायचे काय?

उत्तर : नेमके तेच दाखवायचे, जे असे मीटर खरोखर दाखवते : एलईएल थोडी आणि कार्बन मोनॉक्साइड भरमसाट. कार्बन मोनॉक्साइडच्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला हायड्रोजनही दिसतो. किती, ते सेन्सरच्या बनावटीवर ठरते आणि मीटरच्या माहितीपत्रकात ‘क्रॉस सेन्सिटिव्हिटी’च्या तक्त्यात दिलेले असते. हायड्रोजनची एलईएल ४ टक्के. खोलीत २,००० पीपीएम हायड्रोजन असेल तर एलईएल ५. तक्त्यात ३० टक्के लिहिले असतील तर कार्बन मोनॉक्साइडच्या खिडकीत ६०० दाखवा.

आता खरा कार्बन मोनॉक्साइड ६०० असता तर? त्याची एलईएल १२.५ टक्के, म्हणजे मीटरवर एलईएल शून्यच दिसली असती. दोन्ही एकदम चढले, जवळ धूर नाही, इंजिन नाही आणि बॅटऱ्या आहेत, एवढ्यावरून हायड्रोजनचा संशय यायला हवा. हायड्रोजन छताशी जमतो, म्हणून हे आकडे डोक्याच्या वर मोठे आणि जमिनीशी लहान ठेवा.

प्रश्न : पीआयडी मीटरचाही सराव घेतो. त्याचे आकडे कसे जुळवावेत?

उत्तर : पीआयडी म्हणजे अतिनील दिव्याने वायूचे आयनीभवन करून तो मोजणारे मीटर. त्यातला नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइडचे आयनीभवन त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तेव्हा मिथेनच्या प्रसंगात पीआयडी शून्य. तिथे आकडा चढवला तर चुकीचा धडा.

द्रावकांचा प्रसंग असेल तर टोल्युइन घ्या, हिशेब सोपा पडतो. हवेत ५५० पीपीएम टोल्युइन धरा. आयसोब्युटिलीनवर कॅलिब्रेट केलेला (म्हणजे त्या वायूवर आकडे जुळवून घेतलेला) पीआयडी साधारण १,१०० दाखवेल, कारण टोल्युइनचा गुणक ०.५. खरा आकडा काढायला वाचनाला गुणकाने गुणायचे. टोल्युइनची एलईएल १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. ५५० म्हणजे त्याचे ५ टक्के. पण मिथेनवर कॅलिब्रेट केलेला पेलिस्टर टोल्युइनला कमी दाद देतो, तिथे २ किंवा ३ च दाखवा. एलईएलचा पहिला अलार्म १० वर. तो वाजलेला नाही, आणि ५०० पीपीएमची धोक्याची पातळी ओलांडली गेली आहे. एकाच जागी दोन मीटर परस्परविरोधी बोलत आहेत असे पथकाला वाटले पाहिजे.

प्रश्न : दोन जुने मोबाइल घेऊन आम्ही सिम्युलेटर बनवला आहे. एकावर प्रशिक्षक आकडे टाकतो, दुसरा मीटरच्या जागी प्रशिक्षणार्थीच्या हातात. चालतो छान, पण सगळे म्हणतात ‘खरा वाटत नाही’.

उत्तर : बहुधा आकडा टाकला की लगेच उमटतो म्हणून. खऱ्या सेन्सरला वेळ लागतो. माहितीपत्रकात टी-९० नावाचा आकडा असतो : वायू समोर आल्यापासून अंतिम आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला लागणारे सेकंद. एलईएल आणि ऑक्सिजनला साधारण १५ ते २०, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइडला ३० च्या आसपास धरा. तुमच्या मीटरचा आकडा मिळाला तर तोच घ्या.

करायचे एवढेच : टी-९० ला २.३ ने भागा. त्यातून वेळेचा एक स्थिरांक मिळतो. २० सेकंदांना तो ८.७ येतो. मग दर सेकंदाला, दिसणारा आकडा आणि लक्ष्य यांच्यातल्या फरकाचा ठरावीक हिस्सा दिसणाऱ्या आकड्यात मिळवत जा. ८.७ साठी हा हिस्सा ११ टक्के, ३० सेकंदांच्या टी-९० साठी ७.४ टक्के. लक्ष्य एलईएल ५० असेल तर ५ सेकंदांनी २२, १० सेकंदांनी ३४, २० सेकंदांनी ४५ दिसतील. सुरुवातीला भरभर आणि शेवटी रेंगाळत. दारातून डोकावून तीन सेकंदांत ‘आकडा १४, ठीक आहे’ म्हणणाऱ्याला यातूनच समजते की तो अर्ध्यावरच परत फिरला.

उतरताना हाच नियम उलटा लावा, पण जरा सावकाश. हायड्रोजन सल्फाइडचा आकडा स्वच्छ हवेतही शेवटचे दोन-तीन पीपीएम बराच वेळ धरून बसतो.

आणखी काही बारकावे. मोठ्या आकड्यांत अधूनमधून एका घराची थरथर हवी : ऑक्सिजन २०.९, २०.८, २०.९. एलईएल १ च्या टप्प्याने, ऑक्सिजन ०.१ च्या. लहान आकडे बरेच मीटर दाबून टाकतात, म्हणून एलईएल ० वरून थेट २ वर उडी मारू द्या. अलार्मच्या नेहमीच्या पातळ्या अशा : ऑक्सिजन १९.५ (खालची) आणि २३.५ (वरची), एलईएल १० आणि २०, कार्बन मोनॉक्साइड ३५ आणि २००, हायड्रोजन सल्फाइड १० आणि १५. तुमच्या मीटरवर काय बसवले आहे ते आधी बघा, कारण हायड्रोजन सल्फाइडला हल्ली ५ आणि १० ही बरेच ठिकाणी असतात. पहिल्या पातळीला संथ बीप, दुसऱ्याला घाईची. मीटर लॅच होणारे असेल तर दुसरा अलार्म आकडा उतरल्यावरही वाजत राहिला पाहिजे, बटण दाबेपर्यंत.

आणि एलईएल १०० च्या वर न्यायची असेल तर आकडा दाखवू नका. अनेक मीटर तिथे ‘ओव्हर’ दाखवून अडकतात आणि मणी बंद करतात, तेच करा. जुन्या बनावटीच्या मीटरची नक्कल करत असाल तर याहून भीषण गोष्ट दाखवता येते : आकडा १०० कडे झेपावतो आणि मग खाली येऊ लागतो, कारण वायू इतका झाला की जळायला ऑक्सिजन उरला नाही. खाली येणारा आकडा पाहून पुढे पाऊल टाकणाऱ्याला तिथेच थांबवा.

एक मोबाइल दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर ठेवा, इंटरनेटच्या भरवशावर नको. जोडणी तुटली तर मीटरच्या पडद्यावर शेवटचा आकडा गोठून राहता कामा नये. पडदा कोरा करा आणि वेगळाच आवाज द्या, नाहीतर पथक गोठलेल्या आकड्यावर निर्णय घेत राहील.

प्रश्न : ब्लूटूथ बीकन लपवून सिग्नलच्या जोरावरून आकडा काढतो. प्रशिक्षणार्थी नुसता वळला तरी ६० चे २० होतात. बिघाड कुठे?

उत्तर : बिघाड नाही. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या. पाण्याने भरलेले मानवी शरीर त्या शोषून घेते. माणूस बीकन आणि मीटरच्या मध्ये आला की सिग्नल पडतो. लोखंडी भिंतींवरून त्या उलट्याही येतात, म्हणून टाकीच्या आत आकडा वेडावाकडा नाचतो. ५ ते ८ सेकंदांची सरासरी घ्या. सिग्नलवरून सलग आकडा काढू नका, फक्त तीन-चार पट्टे करा : दूर, मध्यम, जवळ, अगदी जवळ. पट्टा बदलला की नवे लक्ष्य ठरवा आणि वरच्या उत्तरातल्या रीतीने त्याच्याकडे सरकू द्या. उडी आपोआप मरते.

दुसरी अडचण मूळचीच आहे. रेडिओलहर भिंतीतून जाते, वायू जात नाही. शेजारच्या खोलीतल्या बीकनने वायू नसलेल्या खोलीत अलार्म वाजेल. वाऱ्याची दिशाही बीकनला कळत नाही. छोट्या जागेत, चार-पाच जणांच्या पथकामागे एक प्रशिक्षक मोबाइल घेऊन हिंडणे हेच आम्हाला जास्त भरवशाचे वाटते. बीकन मोठ्या मोकळ्या आवारात शोभतो.

प्रश्न : ऑक्सिजनच्या सेन्सरवर फुंकर मारून अलार्म दाखवणे चालते का?

उत्तर : चालते, एखाद्या वेळेस. उच्छ्वासात ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास असतो, श्वास जरा रोखून सोडला तर आणखी कमी. पण तोंड लावून फुंकू नका, ओलावा जाळीवर बसतो. एका स्वच्छ पिशवीत श्वास सोडा आणि तिचे तोंड मीटरवर धरा. नायट्रोजनचे सिलिंडर मात्र खोलीत मोकळे सोडू नका. त्याला वास नाही, आणि तो मारतो.

प्रश्न : खरा सेन्सर कसा चढतो ते नवख्यांना एकदा तरी दाखवावेसे वाटते. कॅलिब्रेशन गॅस वापरला तर किती सुरक्षित? आमच्याकडे पिशवीत भरून ठेवलेल्या गॅसवर हायड्रोजन सल्फाइड २५ ऐवजी १६ दाखवतो.

उत्तर : एकदा दाखवाच, मोबाइलवरचा आकडा मग खरा वाटतो. चार गॅसचे नेहमीचे मिश्रण असे : मिथेन २.५ टक्के (५० टक्के एलईएल), ऑक्सिजन १८ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १०० पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम, उरलेला नायट्रोजन. मिथेन पेटण्याच्या मर्यादेच्या निम्माच आहे, म्हणून मिश्रण पेटत नाही.

एक लिटरची गॅस सॅम्पलिंगची पिशवी घ्या. सिलिंडरला अर्धा लिटर दर मिनिटाचा रेग्युलेटर लावा आणि दीड मिनिट भरा, म्हणजे पाऊण लिटर. पंपाचे मीटर मिनिटाला पाव ते अर्धा लिटर ओढते, तेव्हा ही पिशवी दीड ते तीन मिनिटे पुरते. सगळा गॅस ३० घनमीटरच्या खोलीत सांडला तरी हायड्रोजन सल्फाइड ०.०००६ पीपीएम होतो आणि कार्बन मोनॉक्साइड ०.००२५ पीपीएम. खिडकी उघडी ठेवा, पिशवी कोणाच्या तोंडाजवळ रिकामी करू नका, एवढे पुरे. ५८ लिटरच्या सिलिंडरमधून अशा सत्तराहून जास्त पिशव्या निघतात.

१६ ची गोष्ट. हायड्रोजन सल्फाइड चिकट स्वभावाचा. तो पिशवीच्या आतल्या पृष्ठभागाला, रबरी नळीला, ओलाव्याला धरून बसतो. आदल्या संध्याकाळी भरलेली पिशवी सकाळी कमी दाखवणारच, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळजवळ तेच राहतात. वापरायच्या तासाभर आधीच भरा. पहिल्यांदा भरलेला गॅस सोडून देऊन तीच पिशवी दुसऱ्यांदा भरा, म्हणजे आतला पृष्ठभाग तृप्त होतो. नळी शक्य तितकी आखूड आणि आतून टेफ्लॉनची. सिलिकॉनची नळी नकोच. सिलिंडरवरची मुदत बघा : हायड्रोजन सल्फाइड असलेले मिश्रण इतरांपेक्षा लवकर उतरते आणि ते ॲल्युमिनियमच्याच सिलिंडरमध्ये येते.

पिशवी टाळून सिलिंडर थेट पंपाच्या मीटरला जोडत असाल, तर ठरावीक प्रवाहाचा रेग्युलेटर बेताचा पडतो. पंप रेग्युलेटरपेक्षा जास्त ओढत असेल तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडे पातळ होतात. कमी ओढत असेल तर सेन्सरवर दाब येतो. तिथे पंपाच्या मागणीप्रमाणे गॅस देणारा रेग्युलेटर लावा.

प्रश्न : सहा मीटरची नळी मॅनहोलमध्ये सोडून वाचन घेण्याचा सराव सिम्युलेटरवर कसा द्यावा?

उत्तर : नळीतली जुनी हवा आधी निघून जावी लागते. आतला व्यास ३ मिलिमीटर असेल तर ६ मीटरमध्ये ४२ मिलिलिटर हवा मावते. पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर ओढत असेल तर साडेआठ सेकंद. व्यास ५ मिलिमीटर झाला की ११८ मिलिलिटर, जवळपास २४ सेकंद. एवढा वेळ आकडा हलूच देऊ नका, मग टी-९० सुरू करा. व्यवहारात प्रत्येक पातळीवर दोन मिनिटे थांबायला लावा : वर, मध्ये, तळाशी. नळीचे टोक पाण्यात बुडाले असे प्रशिक्षकाला वाटले तर पंप अडल्याचा अलार्म द्या. कित्येकांनी तो कधी ऐकलेलाच नसतो.

प्रश्न : मीटरच्या अलार्मची पातळी सरावापुरती खाली आणली तर?

उत्तर : नको. परत वर आणायचे राहून जाते.

प्रश्न : सिम्युलेटर आणि खरे मीटर यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काय करावे? सरावातच खरी गळती झाली तर?

उत्तर : सिम्युलेटरला भडक रंगाचे कव्हर घाला, दोन्ही बाजूंना ‘सराव’ लिहा आणि तो पडद्यावरही सतत दिसू द्या. कपाट वेगळे, चार्जर वेगळा, नोंदवही वेगळी. सराव सुरू होताना मोजून द्या, संपताना मोजून घ्या. एक जरी कमी भरला तरी कोणीही घरी जायचे नाही. सरावासाठी वापरलेला मोबाइल स्फोटक वातावरणात नेण्याजोगा नसतो, म्हणून चालू यंत्रणेच्या शेजारी, जिथे खरा वायू येऊ शकतो तिथे, हा सराव घेऊ नका.

मैदानावर किमान एक खरे, त्याच सकाळी बंप टेस्ट केलेले (म्हणजे ठाऊक गॅस थोडा वेळ देऊन सेन्सर आणि अलार्म तपासलेले) मीटर चालू हवे. ते सुरक्षा अधिकाऱ्याच्या अंगावर, सरावात भाग न घेणाऱ्याच्या. बंद जागेत शिरायचे असेल तर सराव असला तरी परवाना, बाहेरचा पहारेकरी आणि खरे मीटर सगळे लागते. रिकामी म्हणून निवडलेली टाकीही गंजाने ऑक्सिजन खाऊन बसलेली असू शकते. धुराचे यंत्र वापरत असाल तर त्या धुराने खरा पीआयडी चढतो, हे सुरक्षा अधिकाऱ्याला आधी सांगा.

एक शब्द ठरवा जो सरावाच्या कथानकात कधीच येणार नाही. ‘सराव बंद, खरी घटना’ हे तीनदा म्हटले की सगळे सिम्युलेटर खाली ठेवायचे आणि मास्क न काढता ठरलेल्या जागी बाहेर यायचे. नुसते ‘थांबा’ किंवा ‘मदत’ चालत नाही, ते अभिनयात दहा वेळा ओरडले जाते. हा शब्द वॉकीटॉकीवर प्रत्येकाकडून एकदा म्हणून घ्या, आणि सराव सुरू आहे हे नियंत्रण कक्षाला व शेजारच्या विभागांना कळवा, नाहीतर दुसरीच गाडी सायरन वाजवत येईल.

प्रश्न : कॅलिब्रेशन गॅस दाखवलेली मीटर लगेच ड्युटीवर परत द्यावीत का?

उत्तर : आधी स्वच्छ हवेत पाच-दहा मिनिटे चालू ठेवा. ऑक्सिजन २०.९ आणि बाकी तिन्ही शून्यावर आले पाहिजेत. मग बंप टेस्ट. मीटरमध्ये सर्वोच्च वाचनाची नोंद राहते, तीही पुसा. नाहीतर पुढच्या पाळीत कोणीतरी हायड्रोजन सल्फाइड २५ पाहून विचारत बसेल की काल रात्री नेमके काय झाले.